फोटोग्राफीचा धंदा शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडमधल्या आमच्या स्टुडिओत दर पावसाळ्यात चार-पाच मुलंमुली शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात सगळे लेन्सबद्दल विचारतात. एक लग्नसराई अंगावरून गेली की प्रश्न बदलतात: भाव काय सांगायचा, राहिलेले पैसे कसे मागायचे, जीएसटी कधी लागतो. हा स्टुडिओ वडिलांनी रोलच्या काळात टाकला, मी २००९ पासून सांभाळते. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. बहुतेक उत्तरं लग्नाच्या कामाला धरून आहेत, कारण तालुक्याच्या गावात फोटोग्राफरचं घर त्याच कामावर चालतं.

माझे फोटो चांगले येतात. एवढ्यावर धंदा सुरू करता येईल का?

सुरू करता येईल. पण काम किती आणि कसलं असतं ते आधी समजून घ्या. हळद आणि लग्न अशी दोन दिवसांची ऑर्डर घेतली की कॅमेरा हातात असतो ते दोनच दिवस. त्याआधी एक दिवस घरच्यांना भेटण्यात जातो. नंतर फोटो निवडण्यात एक, एडिटिंगला चार, आणि अल्बमची डिझाईन दाखवून दुरुस्त्या करण्यात एक. म्हणजे एका लग्नाचे नऊ दिवस झाले. त्यातल्या सात दिवसांत तुम्ही हिशेब, बोलणी, फोन आणि कॉम्प्युटर यांत असता. हे सात दिवस ज्याला जमतात, त्याचा धंदा उभा राहतो. फोटो चांगले येणार हे ग्राहक धरूनच चालतो, त्याचे तो वेगळे पैसे मोजत नाही.

भाव कसा ठरवायचा?

स्वतःच्या खर्चावरून. शेजारच्या स्टुडिओचं रेटकार्ड मिळवून त्यातून दोन हजार कमी करायचे, ही पद्धत मी नवीन मुलांमध्ये सगळ्यात जास्त बघते, आणि याच पद्धतीने ती दोन वर्षांत कॅमेरा विकायला काढतात. त्या शेजाऱ्याचा गाळा स्वतःचा असेल, कॅमेऱ्याचे हप्ते फिटले असतील, घरात दुसरा पगार येत असेल. त्याचा भाव त्याच्या संसाराचा आहे. तुमचा संसार वेगळा आहे.

एक हिशेब मांडून दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दोन कॅमेरे, लेन्स, फ्लॅश आणि कॉम्प्युटर मिळून ६ लाख रुपये. ही सामग्री चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १,५०,००० रुपये झिजतात. गाळ्याचं भाडं आणि लाईटबिल महिना ८,००० म्हणजे वर्षाला ९६,०००. सॉफ्टवेअर आणि इंटरनेट २४,०००. हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड ३०,०००. दुरुस्ती आणि विमा ३०,०००. जाहिरात, कार्ड, नमुन्याचे अल्बम २४,०००. बेरीज ३,५४,०००. आता यात स्वतःचा पगार घाला. हा आकडा बहुतेक जण विसरतात. घरात महिना ३५,००० लागत असतील तर वर्षाचे ४,२०,०००. एकूण झाले ७,७४,०००.

वर्षाला लग्नं किती होतील? एकट्याच्या जिवावर ३० धरा. ३० गुणिले ९ म्हणजे २७० दिवस तिथेच संपले. ७,७४,००० ला ३० ने भागलं की २५,८०० येतात. यावर त्या-त्या लग्नाचा खर्च: जोडीला घेतलेल्या फोटोग्राफरचे दोन दिवसांचे ६,०००, अल्बमचे ६,०००, पेट्रोल आणि जेवणखाण २,०००. बेरीज ३९,८००.

म्हणजे या माणसाने ४० हजारांच्या खाली लग्न घेतलं तर तो पदरचे पैसे घालून दुसऱ्याचं लग्न साजरं करतो आहे. आणि ४० हजारांत नफा अजून आलेलाच नाही. पडलेली लेन्स, पुढे गेलेली तारीख, आजारपण यांसाठी दहा टक्के तरी वर ठेवावे लागतात, म्हणजे भाव ४४ हजारांच्या आसपास जातो. हा कागद मी प्रत्येक मुलाकडून त्याच्या स्वतःच्या आकड्यांनी लिहून घेते. लिहिताना बहुतेकांचा चेहरा उतरतो. पण बोलणीला बसताना हाच कागद पाठीशी असतो.

समोरची पार्टी म्हणते, "पलीकडचा पंचवीस हजारांत करतो." काय सांगायचं?

त्या पलीकडच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तोही आपल्याच गावात पोट भरतो, आणि तारखा अडल्या की उद्या आपल्याला त्याचीच मदत लागते.

रक्कम कमी करायची असेल तर काम कमी करा. मागच्या वर्षी नवरीचे काका आले होते. सगळं ठरलं आणि उठताना म्हणाले, "ताई, आता शेवटचं सांगा." मी म्हटलं, "काका, पाच हजार कमी करते, पण मग साखरपुड्याला आम्ही येत नाही आणि अल्बम चाळीस पानांऐवजी तीस पानांचा होईल. कुठलं चालेल?" त्यांनी घरी फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि पूर्ण रक्कम कबूल केली. त्याच कामाचे पाच हजार मी तोंडी सोडले असते, तर आधी सांगितलेला भाव फुगवलेला होता असंच त्यांना वाटलं असतं. तसं वाटणं चुकीचंही म्हणता आलं नसतं.

ओळखीतल्यांचं काय, हाही प्रश्न येतोच. सख्ख्या नात्यात मी पैसे घेत नाही, आहेर म्हणून करते, आणि तसं आधीच सांगते. बाकी सगळ्यांना एक भाव. "घरचंच समजून करा" असं म्हणणाऱ्यांना अर्धवट सूट दिली की दोन्हीकडून नाराजी वाट्याला येते.

पैसे कधी घ्यायचे?

तारीख अडवताना ४० टक्के, हळदीच्या सकाळपर्यंत ५० टक्के, आणि अल्बम हातात देताना १० टक्के. मंडपवाला, केटरर, हॉल सगळे आपले पैसे आधी घेतात. वरात निघून गेल्यावर घरात पैसा उरलेला नसतो आणि उत्साहही नसतो. तेव्हा उरलेली रक्कम मागायला जाणारा एकटा फोटोग्राफर असतो. माझी सुरुवातीची तीन वर्षं अशाच वसुलीत गेली. एका घरी मी राहिलेल्या १२,००० रुपयांसाठी सात वेळा गेले. प्रत्येक वेळी चहा मिळाला, पैसे कधीच मिळाले नाहीत. ते लोक वाईट नव्हते. हप्ते ठरवले नव्हते ही चूक माझी होती.

इसार घेतल्याशिवाय तारीख वहीत लिहू नका. "आमची नक्की आहे, तुम्ही लिहून ठेवा" या शब्दावर मुहूर्ताचा दिवस रिकामा गेला की तो भरून निघत नाही.

करार लेखी हवाच का? गावात लोकांना राग येतो.

राग येत नाही, आपल्यालाच संकोच वाटतो. "करार" शब्द जड वाटत असेल तर "कामाचा कागद" म्हणा. आमचा कागद एका पानाचा आणि मराठीत आहे. कोणते कार्यक्रम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माणसं किती येणार, निवडून एडिट केलेले फोटो साधारण किती, अल्बमची पानं आणि आकार, किती दिवसांत देणार, हप्ते कसे, तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर इसाराचं काय, मी आजारी पडले तर माझ्या जागी कोण. वर दोघांच्या सह्या. खाली एक ओळ: अल्बमच्या डिझाईनमध्ये दोन वेळा दुरुस्ती करून मिळेल, पुढे पैसे लागतील. ही ओळ नव्हती तेव्हा एका अल्बमची आठ वेळा मांडणी झाली, कारण दर वेळी नवी आत्या फोटो बघायला यायची.

काम वेळेत दिलं नाही तर ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. कागद दोघांनाही सांभाळतो.

लग्नाआधीच्या भेटीत काय बोलायचं?

व्यवहार शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ इथे देते.

२०१३ साली एका मोठ्या लग्नात मी एकटी होते. मंगलाष्टका झाल्या, विधी सुरू झाले. तेवढ्यात यजमानांनी बोलावलं, पाहुण्या पुढाऱ्यांचा सत्कार आहे, फोटो हवेत. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले. शाल, श्रीफळ, फेटा, अकरा माणसं. परत येईपर्यंत कानपिळी होऊन गेली होती. नवरीला एकच भाऊ, सैन्यात, चार दिवसांची रजा काढून आलेला. नवऱ्याचा कान पिळताना तो हसत होता म्हणे. ते मी लोकांकडून ऐकलं, माझ्याकडे ते नाही. अल्बम न्यायला नवरीची आई आली. तिने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि मला काही न बोलता अल्बम पिशवीत घातला.

तेव्हापासून आम्ही लग्नाच्या आधी घरी जाऊन तासभर बसतो आणि विधींची यादी त्यांच्याकडूनच लिहून घेतो. सीमांतपूजन आदल्या दिवशी की सकाळी, गौरीहाराला किती वाजता बसणार, अंतरपाट कोण धरणार, मामा कोण, कानपिळीला भाऊ कोण, लाजाहोम आहे का, सून मुख आहे का. घरोघरी पद्धत वेगळी असते. कोणाचे आजोबा चालू शकत नाहीत म्हणून खोलीतच बसणार, ही गोष्ट फक्त या भेटीत कळते. सत्कार असेल तर तिथेच विचारायचं: "सत्कार आणि विधी एकाच वेळी आले तर आम्ही कुठे थांबू?" घरातलं मोठं माणूस उत्तर देतं, ते आम्ही कागदावर लिहितो. बहुतेकदा त्याच बैठकीत दुसरा फोटोग्राफर घ्यायचं ठरतं आणि त्याचे पैसेही कबूल होतात.

काढलेल्या फोटोंचा मालक कोण? मी ते जाहिरातीत वापरू शकते का?

फोटो काढणाराच मालक, असा आपल्या लोकांचा पक्का समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो कायद्याने त्या पार्टीचे. हक्क तुमच्याकडे हवा असेल, किंवा नमुना म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी हवी असेल, तर तशी ओळ कामाच्या कागदावर सहीआधी यायला हवी.

आणि परवानगी असली तरी टाकण्याआधी नवरा-नवरीला एकदा विचारा. हळदीचे, मेंदीचे, पाठवणीत रडतानाचे फोटो ही घरातली गोष्ट असते. पाठवणीचे फोटो मी कधीच जाहिरातीला वापरत नाही.

हायलाइट व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावून स्टुडिओच्या पानावर टाकू नका. गाण्याचे हक्क दुसऱ्याचे असतात, व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा तो उतरवला जातो. परवाना घेऊन मिळणारं संगीत वापरा, त्याचा वर्षाचा खर्च भावात धरा.

नोंदणी कुठली करायची?

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना काढावा लागत नाही. धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची, तिची पावती मिळते. जुनी माणसं यालाच अजून गुमास्ता म्हणतात. दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिच्यासारखी दिसणारी खासगी पानं दोन-तीन हजार मागतात, तिथे जाऊ नका. ही दोन कागदपत्रं घेऊन बँकेत चालू खातं उघडा आणि पहिल्या दिवसापासून घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा. क्यूआर कोडही चालू खात्याचाच लावा.

जीएसटी आणि आयकराचं काय?

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. उलाढाल म्हणजे आलेली सगळी रक्कम, खर्च वजा जाता उरलेली नाही, इथे मुलं चुकतात. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के दर आहे. नोंदणी झाल्यावर भाव सांगताना "जीएसटी धरून" की "सोडून" हे कागदावर लिहा, नाहीतर ते १८ टक्के तुमच्या खिशातून जातात.

कंपनीच्या कामाचे पैसे येतात तेव्हा टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापलेला असतो. तो बुडालेला नसतो. तुमच्या पॅनवर जमा असतो, फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि रिटर्न भरला की हिशेबात धरला जातो. उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न दरवर्षी भरा. पुढे कर्ज मागायला गेलात की बँक पहिल्यांदा तेच कागद मागते. बाकी सीएकडे वर्षातून दोनदा बसा, त्याची फी भावात धरा.

कर्ज काढून सामग्री घ्यावी का?

मुद्रा योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळतं: शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. मिळतं म्हणून घ्यायचं नाही. पहिल्या सीझनला एक कॅमेरा आणि दोन लेन्स स्वतःच्या, बाकीचं भाड्याने. एखादी लेन्स वर्षात दहा-बारा वेळा भाड्याने आणावी लागली की मग ती विकत घ्या, तोपर्यंत तिची खरी गरज वहीत दिसलेली असते. दोन कार्ड बसतील असा कॅमेरा मात्र पहिल्यापासून घ्या. एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही.

लग्नाचे मुहूर्त नसताना काय करायचं?

जानेवारीत हप्ते ठरवण्याआधी पंचांग उघडा. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, पौषात थंडावतो, माघापासून पुन्हा उठतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतो. अधिक मास आला तर तोही महिना जातो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन कमाईचे दिवस. ज्याने हे आधी पाहिलं त्याने कॅमेऱ्याचा हप्ता त्या हिशेबाने बेतला.

पावसाळ्याचे चार महिने डोहाळजेवण, बारसं, वाढदिवस, शाळांची कामं, सराफांच्या दागिन्यांचे फोटो, बिल्डरांचे तयार फ्लॅट, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा अशी कामं असतात. दागिन्यांचं काम शिका असं मी आग्रहाने सांगते. टेबलावर होतं, पाऊस आड येत नाही, आणि सराफ दिवाळीआधी पुन्हा बोलावतो. मुलींना आणखी एक सांगते: हळद, मेंदी, डोहाळजेवण, नवरीचं आवरणं या ठिकाणी घरच्यांना बाई फोटोग्राफर हवी असते आणि ती सहज मिळत नाही. हे काम कमी दर्जाचं समजू नका, पूर्ण भाव सांगा.

कंपनीने किंवा संस्थेने महिनोन्‌महिने पैसे दिले नाहीत तर?

उद्यम नोंदणी इथे उपयोगाला येते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी मात्र काम करण्याआधीच करून ठेवा. बिलावर उद्यम क्रमांक छापा. एका मोठ्या संस्थेकडे माझं बिल पाच महिने अडलं होतं. क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ घालून पत्र दिलं आणि बारा दिवसांत पैसे जमा झाले.

ड्रोन घेऊ का?

सध्या माणसासकट भाड्याने आणा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर त्याची नोंदणी आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. नकाशावर तो भाग कुठल्या क्षेत्रात आहे तेही बघावं लागतं, आणि आपल्या कराडला तर धावपट्टी आहे. प्री-वेडिंगसाठी रायगड, शिवनेरी, लोहगडसारख्या पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर साधा ट्रायपॉड लावायलाही परवानगी लागते. आपल्या कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सकाळच्या कोवळ्या उन्हात ड्रोनशिवायही सुंदर फोटो येतात.

हे सगळं शिकायचं कुठे?

बँका जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवतात. तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं, फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीचाही अभ्यासक्रम आहे, आणि सोबत हिशेब आणि बँकेचे व्यवहार शिकवतात. आपल्या जिल्ह्यात तो वर्ग कधी आहे ते अग्रणी बँकेत विचारा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही वर्ग होतात. पण त्याबरोबर दोन सीझन एखाद्या कामाच्या माणसाच्या हाताखाली काढा, आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगा, "बोलणीला मला शेजारी बसू द्या." कॅमेरा धरायला सगळे नेतात. बोलणीला बसवणारा मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथे राहा.

डेटा किती दिवस ठेवायचा?

आमच्या कागदावर एक वर्ष लिहिलेलं आहे. शूटिंग संपल्यावर त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करायची, एक स्टुडिओत आणि एक घरी. अल्बम दिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. २०१६ मध्ये स्टुडिओतली डिस्क बंद पडली, एका लग्नाचं पूर्ण झालेलं एडिटिंग गेलं. घरी मूळ फोटो होते, म्हणून अकरा दिवस पुन्हा बसून काम दिलं. पार्टीला उशिराचं खरं कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

वर्ष संपायच्या महिनाभर आधी आम्ही फोन करतो: "तुमचे फोटो आमच्याकडे पुढच्या महिन्यापर्यंत आहेत, तुमची कॉपी नीट आहे ना, उघडून बघा." या फोनवर हमखास कोणीतरी बोलता बोलता सांगतं, की बारसं आहे, तारीख लिहून घ्या.